तात्यांची सरकारमान्य बैठक

आमच्या गावात मयत असो, लग्न असो की मारुतीचा भंडारा, गणपततात्या स्वतःची बैठक बगलेत मारून यायचे. बैठक म्हणजे बाभळीची तीन पायांची तिपाई. सगळं गाव घोंगडीवर, जाजमावर, नाहीतर सरळ मातीत मांडी घालून बसलेलं, आणि मधोमध तात्या सगळ्यांच्या वर दीड हात, उजवा पाय समोर ताठ सोडून. पंगतीत लोकांच्या पत्रावळी जमिनीवर, तात्यांची डाव्या हातावर. मयतीच्या घरी तर हे असे बसलेले असायचे, की नव्या माणसाला वाटावं इथं कसलातरी निवाडा चाललाय.

एकदा बाहेरगावचे एक कीर्तनकार आले. त्यांनी पाहिलं, एवढ्या मंडळींत एकच गृहस्थ उंचावर बसलेत. यजमान म्हणतात ते हेच असणार, असं धरून त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून तात्यांच्या गळ्यात घातला. तात्यांनी मान किंचित पुढं करून तो स्वीकारला. खरे यजमान खांबाला टेकून बघत राहिले.

"तात्या, हार परत तरी करायचा की," मी नंतर म्हणालो.

"कावून? त्यांनी मानूस बघून न्हाई, बैठक बघून घातलाय," तात्या म्हणाले. "अन् बैठक आपली सरकारमान्य हाय."

सरकारमान्य हा तात्यांचा लाडका शब्द. त्यामागची हकिकत गावात सगळ्यांना पाठ होती, कारण तात्यांनी ती कुणाला चुकवू दिली नव्हती. निजाम सरकारचे तहसीलदार दौऱ्यावर आले होते. चावडीपुढं जाजम टाकलेलं. हुजुरांपुढं बसायचं म्हणजे दोन्ही पाय मोडून, हात मांडीवर ठेवून, आवाज न करता बसायचं. तात्या पहिल्या रांगेत, आणि त्यांचा उजवा पाय थेट साहेबांच्या पोटाकडं रोखलेला. शिपाई ओरडला, "ए बुढ्ढे, पाँव समेट!" तात्या हात जोडून म्हणाले, "हुजूर, पाय माझाच हाय, पर माझं आयकत न्हाई." साहेबांनी तो गुडघा पाहिला आणि हसून म्हणाले, "इनकू तिपाई देव जी."

चावडीत तिपाई एकच, ती पाण्याच्या माठाखाली. माठ उतरवून ती तात्यांना दिली. साहेब गेले, पण तिपाई परत गेली नाही. पाटलानं मागितली तेव्हा तात्यांनी विचारलं, "सरकारनं दिलेली वस्तू पाटलाला देनं कायद्यात बसतं का?" पाटलाला कायदा ठाऊक नव्हता. तात्यांनाही नव्हता, पण त्यांनी आवाज चढवून विचारलं होतं. चावडीतला माठ त्या दिवसापासून तीन दगडांवर आला आणि तात्या 'खुर्सीनशीन', म्हणजे सरकारदरबारी खुर्चीचे मानकरी, झाले.

माझं त्यांच्याशी वैर असायला हवं होतं. माझं कापडाचं दुकान, आणि तात्यांचं घर त्याला लागून. तात्यांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, शेत वाट्यानं दिलेलं. म्हणजे माणसाला दिवसभर काम एकच, माझ्या दुकानाच्या दारात तिपाई मांडून बसणं. तो ताठ पाय उंबऱ्यावर आडवा पडायचा. गिऱ्हाईक यायचं ते तात्यांचा पाय ओलांडून. बायका तर पाय ओलांडायचा कसा म्हणून परत जायच्या. जे कुणी आत पोचायचं त्याला हे दारातून सल्ला द्यायचे, "धुतलं की इतभर आटतंय हं हे!" खोटं बोलायचे असंही नाही. आटायचं ते कापड. पण हे काय सांगायचं असतं?

आता त्या गुडघ्याविषयी सांगायला हवं. चांगल्या पोसलेल्या भोपळ्याएवढा सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि बोट दाबलं की आत पाणी हलल्यासारखं वाटायचं. एरंडाची पानं बांधून झाली, बिब्बा घालून झाला, वाळूच्या पुरचुंडीनं शेकून झालं. सूज बसता बसेना. ती आली कशी याचं कारण मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून असायचं. गुराखी भेटला, तर तात्या धारूरच्या किल्ल्यामागच्या झाडीत वाघाशी झुंजलेले असायचे. तालमीतली पोरं भेटली, तर हैद्राबादच्या पहिलवानाला त्यांनी आस्मान दाखवलं आणि तो पडताना यांच्या गुडघ्यावर पडला. सरकारी माणूस समोर असला, तर कुठल्याशा नवाबाच्या घोड्याची लाथ. गावाला सगळ्यांत वाघ आवडायचा, म्हणून पुढं पुढं वाघच राहिला.

"वैद्याला न्हाईतर डाक्टरला तरी दाखवा," मी शंभरदा म्हटलं असेल.

"डाक्टर नको. लई चौकश्या करतेत."

"सुईला भ्यालात म्हना की!"

"वाघाला भ्यालो न्हाई, सुईला भिऊ?" असं म्हणून ते तिपाईवर जरा मागं सरकायचे. मी मनात म्हणायचो, गुडघा बरा झाला तर तिपाई जाईल, तिपाई गेली तर मान जाईल, म्हणून हा माणूस सूज सांभाळून बसलाय. म्हातारपणी माणसाला कशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही.

तात्यांना जगात एकच माणूस होतं, धाकटी बहीण कौसा. घाटाखालच्या गावात दिलेली. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तात्या आणि ते एवढंसं घर. कौसा गरीब, सोसणारी. तिची सासू भागाबाई मात्र भारी बाई. घरात काही वाकडं झालं की ती एकच गोष्ट काढायची, पायगुण. म्हैस आटली, सुनेचा पायगुण. कडब्याला आग लागली, सुनेचा पायगुण. कौसाची पहिली लेकरं जगली नाहीत, तेव्हा त्या घरात तिला काय काय ऐकावं लागलं असेल ते लिहवत नाही. शेवटी खंडोबाला नवस बोलून एक मुलगा झाला आणि जगला. दृष्ट लागू नये, यमाला मोह पडू नये म्हणून त्याला जन्मतःच उकिरड्यावर ठेवून उचलून आणला आणि नाव ठेवलं केरबा.

आमच्याकडे लेकराचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर निघतं. पहिल्या वर्षी, नाहीतर तिसऱ्या. देवापुढं पाट मांडायचा, मामानं त्यावर मांडी घालून बसायचं, लेकराला मांडीत घ्यायचं आणि न्हाव्यानं वस्तरा चालवायचा. केरबाच्या पहिल्या वर्षी तात्यांचा गुडघा फुगलेलाच होता. जावळ पुढं ढकललं. आता तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि पोराच्या पाठीवर वेणी रुळत होती. अनोळखी बायका त्याला "कुनाची गं तू?" म्हणायच्या, आणि केरबा रागावून आपण कोण आहोत त्याचा भर रस्त्यात पुरावा द्यायचा.

त्या वर्षी भाऊबिजेला कौसा आली. ओवाळून झालं, तरी ताट खाली ठेवीना. मी फराळाला बोलावलेला, भिंतीला टेकून बसलो होतो.

"दादा," ती म्हणाली, "माघात जावळ धरलंय. सासूबाईनं सांगितलंय, मामाला मांडी घालता येत नसंल तर शिवरामला बसवू."

शिवराम हा तात्यांचा आणि कौसाचा चुलतभाऊ, भागाबाईच्या मर्जीतला. एकदा तो पाटावर बसला की मामा तोच. पुढं केरबाच्या लग्नात पाठीशी उभा राहणार तोच, आणि कौसाचं माहेर म्हणून भागाबाई ओळखणार ते शिवरामचं घर.

"तिपाईवर बसून घेतो की मी," तात्या म्हणाले. "सरकारमान्य—"

"देवापुढं उंचावर बसत न्हाईत, दादा."

तात्यांनी मान खाली घातली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कौसानं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "तुझी मांडी नसली तर मला कुनाचीच नको. पर माझं तिथं कोन आयकतंय?" केरबा तेवढ्यात तात्यांच्या ताठ पायावरून घोडा घोडा करत घसरत होता. घसरून खाली पडत होता आणि पुन्हा चढत होता.

काही दिवस तात्या दुकानाकडं फिरकले नाहीत. उंबरा मोकळा. गिऱ्हाईक सुखानं येत होतं, आणि मला करमत नव्हतं. एका सकाळी ते आले, तिपाई न मांडता उभेच राहिले आणि म्हणाले, "आप्पा, डाक्टरसंगं बोलाया उर्दू लई लागतं का?"

मी दुकान बंद करून गाडी जुंपायला सांगितली.

तालुक्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता. हैद्राबादचा, तरणा, टोपी तिरकी घालणारा. तात्यांना बघून म्हणाला, "आओ बडे मियाँ! ये घुटना है की तरबूज?" मग त्यानं दोन्ही हातांनी गुडघा धरला, वरून दाबला, आणि आतली वाटी पाण्यावरच्या झाकणीसारखी खाली जाऊन वर आली. डॉक्टर खूश झाला. "पानी है, पानी. सुई डाल के निकाल देते."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सुई घालून पानी काढनार म्हनतो."

"ते कळलं मला. तेवढं उर्दू येतंय," तात्या म्हणाले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"पन पैले ये बोलो, लगा कैसा? कब लगा?" डॉक्टरनं विचारलं.

"वाघ," तात्या म्हणाले.

डॉक्टरनं गुडघा चहूबाजूंनी फिरून पाहिला. "पंजे का निशान नै, दाँत का निशान नै. ये कैसा शेर था जी, सिर्फ मालिश करके गया?" मग तो गंभीर झाला. "देखो, सच नै बोले तो मैं सुई नै लगाता. चोट का पानी अलग, बीमारी का पानी अलग."

तात्यांनी धोतर गुडघ्यावर ओढून घेतलं. मग मला म्हणाले, "आप्पा, तुमी जरा भाईर थांबा."

मला राग आला. दुकान बंद ठेवून मी आलो, गाडी माझी, बैल माझे, आणि मीच बाहेर! व्हरांड्यात उभा राहून मी कान दिला, पण तात्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज इतका खाली गेला होता की काही कळेना. थोड्या वेळानं डॉक्टरनं स्वतः दार उघडलं. मघाचा खोडकर पोरगा कुठं गेला होता कोण जाणे. "आओ, मामू का हाथ पकडो," तो म्हणाला. आत गेलेले बडे मियाँ आता मामू झाले होते.

सुई आणि काचेची पिचकारी उकळत्या पाण्यात पडली होती. तात्यांनी तिपाई मांडली.

"मेज पे लेटो, मामू."

"आपुन बैठकीवरच बसतो. सरकारमान्य हाय."

"इधर की सरकार मैं हूँ," डॉक्टर म्हणाला, आणि तात्या मुकाट मेजावर आडवे झाले. त्यांना कुणी असं एका वाक्यात आडवं केलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

डॉक्टरनं गुडघ्याच्या कडेला तपकिरी औषध फासलं. औषधाचा बोळा लागल्याबरोबर तात्यांनी अशी आरोळी ठोकली, की बाहेर रांगेत बसलेले दोन रोगी बरे होऊन घरी गेले.

"मामू, अबी सुई लगाईच नै."

"मग कवा लावनार?"

"लग गई," डॉक्टर म्हणाला.

तात्यांनी माझा हात असा आवळला की माझ्या बोटातली अंगठी रुतली. आणि मग पिचकारीत पाणी चढू लागलं. पिवळसर, स्वच्छ, करडईच्या तेलासारखं. डॉक्टर सुई तशीच ठेवून पिचकारी काढायचा, तामचिनीच्या भांड्यात रिकामी करायचा आणि पुन्हा लावायचा. भांडं भरत चाललं तसा गुडघा उतरत चालला. आधी चकाकी गेली, मग कातडीला सुरकुती पडली, मग कडेचं हाड दिसू लागलं, आणि शेवटी वाटी वर आली. तात्या मान उचलून बघत होते. आरोळ्या थांबल्या होत्या.

"आप्पा, ही माझी वाटी," ते हळूच म्हणाले. "लई दिसांनी भेटली." आणि त्यांनी खरोखर तिला रामराम घातला.

डॉक्टरनं घट्ट पट्टी बांधली. थोडे दिवस पाय हलवायचा नाही, मग रोज थोडा थोडा वाकवायचा. पाणी पुन्हा भरू शकतं, तसं झालं तर परत यायचं. सगळं नीट समजावून सांगितलं. तात्यांचं लक्ष भांड्याकडं होतं.

"ते पानी द्या की बांधून. माझंच हाय, बेवारशी न्हाई."

"नक्को मामू," डॉक्टर म्हणाला. "तुमकू उसकी जरूरत नै अबी."

पट्टी सुटल्यावर मांडीचा सराव सुरू झाला, तो माझ्या दुकानात. कापडाच्या गठ्ठ्यांमागं, गावाला दिसू नये असा. बाहेर तिपाई मांडलेली, म्हणजे लोकांना वाटावं, तात्या एवढ्यात उठून गेलेत. आत तात्या भिंतीला पाठ लावून गुडघा वाकवायचे, दात ओठ खायचे आणि सगळ्या दुनियेला शिव्या द्यायचे. वाघालाही द्यायचे. आज गुडघा बोटभर वाकला, आज घोटा मांडीला लागला, असं रोज मला ऐकावं लागे. नुसती मांडी घालून भागणार नव्हतं, वर लेकराचं वजन यायचं होतं. म्हणून त्यांनी माझ्याकडचा उत्तम निळ्या कापडाचा गठ्ठा उचलला आणि मांडीत घेतला. पुढं पुढं त्या गठ्ठ्याला ते थोपटू लागले.

एकदा एक बाई आली, तिला तोच रंग पसंत पडला. "त्यो म्हाताऱ्याच्या मांडीवरला दाखवा," ती म्हणाली.

"इकाऊ न्हाई," तात्या गठ्ठा छातीशी धरून म्हणाले.

"माझं दुकान हाय, तात्या!"

"आप्पा, आत्ताच डोळा लागलाय त्याचा," तात्या म्हणाले. बाई पदर तोंडाला लावून पळाली. मी कपाळाला हात लावला. शेवटी त्या गठ्ठ्यातलंच कापड फाडून शिंप्याकडं दिलं आणि केरबाचा अंगरखा शिवला, मामाकडचा आहेर म्हणून.

माघात जावळाच्या दिवशी आम्ही पहाटेच गाडीनं निघालो. घाट उतरताना गाडीला हिसके बसत होते. निम्म्या वाटेत मी पाहिलं, तात्यांचा गुडघा धोतराखाली पुन्हा टम्म दिसत होता.

"तात्या, भरला की हो परत!"

"गप बसा. बैल आयकतील," तात्या म्हणाले. त्यांनी उपरण्याची पट्टी करून गुडघा करकचून बांधला. तिपाई बरोबर होतीच. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस तिपाईवर बसणार आणि भागाबाई त्याला बसल्या जागी कापणार.

खंडोबाच्या देवळापुढं सारवलेलं, रांगोळी घातलेली, मध्ये पाट मांडलेला. आणि पाटावर शिवराम बसलेला. नवं मुंडासं, मिशीला तूप. शेजारी न्हावी वस्तरा परजत होता. कौसा खांबाशी उभी होती, केरबाला कडेवर घेऊन, आणि तिचं तोंड बघवत नव्हतं.

भागाबाईनं आधी तिपाई पाहिली, मग तात्यांना. "या पाव्हनं. तुमची तिपाई तिकडं लिंबाखाली मांडा. हितं देव हाय."

"बसाया न्हाई आनली," तात्या म्हणाले, "ठिवाया आनलीया." त्यांनी खरंच तिपाई लिंबाखाली नेऊन ठेवली, हातातली काठी तिच्यावर टेकवली आणि रिकाम्या हातानं परत आले. "शिवराम, ऊठ बे. त्यो पाट माझा हाय."

शिवरामनं भागाबाईकडं पाहिलं. भागाबाई म्हणाली, "पाव्हन्याला मांडी घालू द्या आधी. मग उठायचं बघू."

"उठल्याबिगर घालू कुटं? तुझ्या डोसक्यावर?" तात्या गरजले, आणि शिवराम उठला. सगळी माणसं हसली, आणि लगेच माना पुढं काढून बघू लागली, कारण तात्या खाली बसायला लागले होते.

डावा पाय दुमडला. एक हात जमिनीवर टेकला. मग उजवा गुडघा हळूहळू आत येऊ लागला. तात्यांच्या कानामागून घामाची धार लागली होती. मध्येच गुडघ्यानं असा कटकन आवाज केला, की न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. कौसानं डोळे मिटले. तात्यांनी उजव्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरला, स्वतःकडं ओढला आणि डाव्या मांडीखाली सारला.

मांडी पडली होती. दोन्ही गुडघे जमिनीकडं, पाठ ताठ, छाती पुढं. तहसीलदारापुढं जी बैठक जमली नव्हती ती देवापुढं जमली.

"आना माझा केरबा," तात्या म्हणाले.

हलगी कडाडली. कुणीतरी "येळकोट येळकोट" म्हणून ओरडलं, सगळ्यांनी "जय मल्हार" केलं, भंडारा उधळला, आणि मीही ओरडलो. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. माझा घसा पुढं दोन दिवस बसला होता. निळा अंगरखा घातलेला केरबा मामाच्या मांडीत बसला, त्यानं तात्यांची मिशी दोन्ही मुठींत धरली आणि जावळ संपेपर्यंत सोडली नाही. वस्तरा चालला, वेणी गळाली, आणि खालून गोटा डोक्याचा एक खणखणीत मुलगा निघाला. कौसा रडत होती आणि हसत होती, आणि मला कबूल करायला हरकत नाही, मीही तेच करत होतो.

सगळं उरकल्यावर तात्या लिंबाखाली आले. "कौसे, बस," तिपाईकडं बोट दाखवून ते म्हणाले.

"अगं बाई! दादा, सासूबाई उभ्या हायत्या."

"बैठक सरकारमान्य हाय. कुनी उठवू शकत न्हाई. बस."

कौसा भीत भीत कडेला टेकली. त्या गावात सुनेनं सगळ्यांच्या वर बसायची ती पहिलीच वेळ असणार. भागाबाई काही बोलणार, तोच तात्यांनी आवाज चढवला, "भागाबाई, माझा पाय कसा वाकला, इचारलं न्हाई तुमी? एरंड झाला, बिब्बा झाला, कशानं वाकला न्हाई. ह्या पोराच्या जावळाला वाकला. पायगुन बघा लेकराचा! मामाचा मोडका पाय नीट केला!"

मी म्हणालो, "पन तात्या, त्या डॉक्टरची सुई—" आणि तात्यांच्या काठीचं टोक माझ्या अंगठ्यावर आलं.

भागाबाईचा चेहरा उजळला. "आमचं पोरगंच तसं हाय, पायगुनाचं," ती गर्दीला म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत येईल जाईल त्याला तेच सांगत राहिली. तिपाई आम्ही तिथंच सोडली, कौसासाठी.

परतताना गाडी घाट चढत होती. तात्या गवतावर मांडी घालून बसले होते. गुडघा दुखत असणार, पण उलगडायला तयार नव्हते. एका वळणावर, मुरूम सुटलेल्या उतारापाशी, त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि सरळ रस्त्यात जाऊन मांडी घालून बसले. गाडीवान बैलांना पाणी पाजायला पुढं गेला. मी त्यांच्याशेजारी टेकलो.

"तात्या, एक विचारू का? वाघ तरी खरा होता का?"

"कसला वाघ, आप्पा," ते मुरमावर हात फिरवत म्हणाले. "कौसाला ल्योक झाला म्हनून सांगावा आला, अन् मी चप्पल न घालता पळत सुटलो. म्हनलं, ह्ये जगलंय, जाऊन बघावं. हितं आलो अन् पाय घसरला. ह्याच जाग्यावर पडलो. खरडत खरडत घरी गेलो."

"मग तसंच सांगायचं की लोकांना!"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांचा शेजार, पण त्या नजरेतलं तात्यांचं एकटेपण मी कधी पाहिलं नव्हतं.

"कसं सांगावं? जलमलं त्याच दिशी मामाचा पाय मोडला, म्हनल्यावर तिच्या सासूनं काय म्हनलं असतं? पोराचा पायगुन वाईट. आधीच कौसानं लई आयकलं हाय, आप्पा. आता लेकरानं बी आयकायचं? त्या डाक्टरला तेवढं सांगितलं, त्यो परमुलखाचा. बाकी सगळ्यांसाठी मी वाघ अंगावर घेतला."

गाडीवान परत आला आणि दोन शहाणी माणसं भर रस्त्यात मांडी घालून बसलेली बघून "काय झालं हो?" म्हणाला.

"काय न्हाई," मी म्हणालो. "हितं तात्यांची वाघाशी झुंज झाली होती, ती जागा दाखवत होते."